कोंगाची थाप जॅझमध्ये अडखळली, सोलमध्ये रुळली

१९६२ साली एकाच चालीची दोन ध्वनिमुद्रणं झाली. मे महिन्यात हर्बी हँकॉक या बावीस वर्षांच्या पियानोवादकाने ‘वॉटरमेलन मॅन’ पहिल्यांदा रेकॉर्ड केली. शिकागोच्या गल्ल्यांतून कलिंगडवाल्याची घोडागाडी दगडी रस्त्यावरून खडखडत जायची, त्या लहानपणच्या आठवणीवर बेतलेली ही चाल. पियानो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम, एवढाच जॅझचा नेहमीचा संच. डिसेंबरात मोंगो सांतामारिया या हवानात जन्मलेल्या कोंगावादकाने तीच चाल आपल्या बँडबरोबर रेकॉर्ड केली, आणि १९६३ मध्ये ती बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट दहाव्या क्रमांकावर पोचली. लिहिणारा जॅझवाला, ठेका क्युबन, आणि ती डोक्यावर घेणारे बरेचसे श्रोते सोल आणि रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकेचं लोकप्रिय नाचगाणं, ऐकणारे.

दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐका. दुसरीत नुसते दोन ढोल जास्त आहेत असं वाटत नाही. बेस वेगळ्या जागी वाजतो, पियानो गोल गोल फिरत राहतो, ट्रम्पेटची सुरावट तीच असूनही तिचं वजन दुसरीकडे पडतं. आफ्रो-क्युबन तालवाद्यं आणि जॅझ-सोल यांच्या मिश्रणाबद्दल बोलताना ‘जॅझमध्ये कोंगा घातला’ असं सहज म्हटलं जातं. माझ्या मते खरी गोष्ट तशी नाही. ठोका कुठे पडायचा, कोणी कुठे गप्प बसायचं आणि कोणी आपली सवय सोडायची, यावर दोन संगीतांमध्ये जवळजवळ वीस वर्षं वाटाघाटी चालल्या होत्या. त्या कशा झाल्या ते पाहू.

आधी वाद्यं. कोंगा म्हणजे लाकडी पट्ट्या जोडून केलेला, मधे फुगीर आणि खाली निमुळता होत जाणारा उंच ढोल. क्युबात त्याला तुंबादोरा म्हणतात. त्याची मुळं कांगो खोऱ्यातून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या ढोलांत आहेत. तो हातानेच वाजवायचा. रुंबा या क्युबाच्या पारंपरिक नाचगाण्यात मोठे ढोल ठेका धरतात आणि सगळ्यात लहान, उंच आवाजाचा किंतो नाचणाऱ्याच्या पावलांशी सवालजवाब करतो. बोंगो ही गुडघ्यांत धरायची छोटी जोडी. टिंबालेस धातूच्या कवचाचे, काठ्यांनी वाजवायचे. टिंबालेसवाला कातड्याइतकाच कवचाच्या कडेवर आणि वर लावलेल्या घंटेवर वाजवतो. यांच्यापेक्षा वेगळ्या मानाचे ते बाता, योरुबा लोकांचे दुतोंडी ढोल. ते तिघांनी मिळून वाजवायचे आणि मुळात देवतांच्या पूजेत वाजायचे.

पूर्वी कोंगाचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे. सूर उतरला की ते विस्तवावर शेकायचं. पुढे धातूची कडी आणि स्क्रू आले, ढोल हवा तसा चढवता-उतरवता येऊ लागला, आणि एकाच माणसाने दोन-तीन कोंगा वेगवेगळ्या स्वरांत लावून वाजवणं शक्य झालं. हे करून दाखवणाऱ्यांत कँडिडो कामेरो अग्रणी. १९४६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. क्युबात तीन माणसं मिळून जे वाजवत, ते त्याने दोन हातांत आणलं. अमेरिकन जॅझच्या छोट्या बँडमध्ये तीन ढोलवाल्यांना जागाही नव्हती आणि तेवढा पगारही नव्हता. एकट्याने वाजवण्याची ही पद्धत तिथे चटकन रुजण्यामागे हेही एक कारण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाद्य, आणि ते दिसायला सगळ्यात किरकोळ आहे. कडक लाकडाच्या दोन छोट्या दांडक्या. त्यांनाही क्लावे म्हणतात आणि त्यांच्यावर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या आकृतीलाही क्लावेच म्हणतात. ती हाताने वाजवून पाहिल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही, म्हणून थोडा वेळ टाळी द्या. एका लयीत १ ते १६ मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या आकड्यांवर टाळी वाजवा. पहिल्या आठांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन. चार-पाच आवर्तनं झाली की जाणवेल, पहिला अर्धा भाग तिरका चालतो, ओढतो, पुढे ढकलतो. दुसरा अर्धा त्याला सरळ जमिनीवर आणतो. ताण आणि मोकळीक, पुन्हा ताण आणि मोकळीक.

त्रिताल ऐकून मोठे झालेल्यांना १६ मात्रा ओळखीच्या वाटतील, आणि सुरुवातीला ती सोबत उपयोगीही पडते. पण ती लवकर सोडायला हवी. त्रितालात सगळी ओढ समेकडे असते. गायक कितीही लांब भटकला तरी समेवर येतो आणि दाद तिथेच मिळते. क्लावेला तसं घर नाही. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा असतो: तुमची सुरावट तीन टाळ्यांच्या बाजूला सुरू झाली की दोनच्या? एकदा ठरलं की गाणं संपेपर्यंत ती दिशा बदलत नाही. बेस, पियानो, घंटा, कोंगा, ट्रम्पेट, गाणारा, सगळे त्या दिशेने चालतात. एखाद्याने वाक्य उलट्या बाजूने टाकलं तर क्युबन वादकाला ते ताबडतोब खुपतं. दांडक्या प्रत्यक्ष कोणी वाजवत नसलं तरीही खुपतं, कारण क्लावे प्रत्येकाच्या डोक्यात चालू असते.

जॅझवाल्यांना हीच गोष्ट सगळ्यात जड गेली.

त्याचं कारण समजायला थोडा इतिहास लागतो. आफ्रिकेतून माणसं दोन्हीकडे नेली गेली, पण ढोलांचं नशीब वेगळं ठरलं. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या मळेवाल्यांच्या सरकारने कायदा करून गुलामांना ढोल बाळगायला बंदी घातली. ढोलावरून निरोप जातात, माणसं जमतात, ही भीती त्यामागे होती. न्यू ऑर्लिन्सचा काँगो स्क्वेअर हा मोठा अपवाद. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रविवारी ढोल वाजत. बाकी बहुतेक ठिकाणी लय ढोल सोडून अंगात शिरली: टाळ्यांत, पाय आपटण्यात, मांडीवर थापा मारण्यात, चर्चमधल्या गाण्यात.

क्युबात स्पॅनिश सत्तेने आणि चर्चने आफ्रिकी लोकांच्या जमातवार मंडळांना परवानगी दिली होती. त्यांना काबिल्दो म्हणत. आजारपणात आणि मयतीत ही मंडळं मदत करत, आणि सणावाराला तिथे आपापले ढोल वाजत. शिवाय साखरेच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं आणणं तिथे १८६० च्या दशकापर्यंत चालू राहिलं आणि गुलामगिरी संपली ती थेट १८८६ मध्ये. क्रूर गोष्ट आहे ही. पण त्यामुळेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवानात असे म्हातारे होते ज्यांच्या आईबापांनी हे ठेके आफ्रिकेत शिकले होते. क्युबातही सरकारने अधूनमधून ढोलांवर बंदी घातली, पोलिसांनी ते जप्तही केले, तरी परंपरा तुटली नाही. म्हणून १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हे दोन प्रवाह भेटले तेव्हा एक चुलत भाऊ ढोल घेऊन आला होता आणि दुसऱ्याकडून तो दोनशे वर्षांपूर्वी हिसकावून घेतलेला होता. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वाटते.

दोघांची अजिबात ओळख नव्हती असंही नाही. हवाना आणि न्यू ऑर्लिन्स यांच्यात जहाजं सतत ये-जा करत. १९१४ च्या ‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये डब्ल्यू. सी. हँडीने मधला भाग हवानाच्या हाबानेरा लयीत बांधला. जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्ये आठवणी सांगताना ठामपणे म्हटलं की स्पॅनिश छटा मिसळल्याशिवाय जॅझला खरी चव येत नाही. पण ती छटाच होती. क्युबन ढोलवाला जॅझ बँडमध्ये बसलेला नव्हता.

ते घडवून आणलं मारिओ बाउझाने. हवानाचा काळा, कमालीचा शिस्तीचा वादक. लहानपणी क्लॅरिनेट शिकून हवाना फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेला. १९३० मध्ये तो न्यूयॉर्कला स्थायिक झाला, ट्रम्पेट हातात घेतली, चिक वेबच्या बँडचा संगीत-संचालक झाला, नंतर कॅब कॅलोवेकडे वाजवू लागला. तिथे त्याने डिझी गिलेस्पी नावाच्या तरुण ट्रम्पेटवाल्याला नोकरी मिळवून दिली. जॅझचा बँड आतून कसा चालतो हे त्याच्याइतकं माहीत असलेला दुसरा क्युबन माणूस तेव्हा न्यूयॉर्कमध्ये क्वचितच असेल. १९४० मध्ये त्याचा मेव्हणा माचितो याने बँड काढला आणि १९४१ पासून बाउझा त्याचा संगीत-संचालक झाला. बँडचं नाव ठेवलं ‘आफ्रो-क्युबन्स’. काळ्या वादकाला हॉटेलात मागच्या दाराने जावं लागे त्या काळात आफ्रिकेचं नाव पाटीवर लावणं ही छोटी गोष्ट नव्हती.

बाउझाची मांडणी स्वच्छ होती. खाली क्युबन तालवाद्यं, क्लावे काटेकोर, त्यात एक तसूही बदल नाही. वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनवाले जॅझमध्ये मुरलेले, त्यांच्या रचनेत जॅझचे स्वरमेळ (कॉर्ड). १९४३ ची त्यांची ‘तांगा’ ही रचना आफ्रो-क्युबन जॅझची पहिली मानली जाते. या मांडणीत सगळी तडजोड जॅझवाल्यांनी केली. तुम्हाला जे वाजवायचं ते वाजवा, पण जमीन आमची. चार्ली पार्करसारखा जॅझचा मोठा सॅक्सोफोनवादक १९४८ पासून माचितोच्या बँडबरोबर रेकॉर्ड करू लागला, तेव्हा त्या जमिनीवर उभं राहून तो किती मोकळा उडू शकतो हे सगळ्यांनी ऐकलं.

उलटा प्रयोग १९४७ मध्ये झाला आणि मला तो जास्त रंजक वाटतो, कारण तो अर्धवट फसतो. गिलेस्पीचा आता स्वतःचा मोठा बँड होता. त्याला कोंगावादक हवा होता. बाउझाने त्याची गाठ चानो पोझोशी घालून दिली. हवानाच्या गरीब वस्त्यांतून आलेला, अबाक्वा या पुरुषांच्या गुप्त बंधुसंघाचा सभासद, कार्निव्हलसाठी गाणी रचून नाव मिळवलेला. इंग्रजी जवळजवळ नाही, नोटेशन वाचता येत नाही. २९ सप्टेंबर १९४७ ला तो गिलेस्पीच्या बँडबरोबर कार्नेगी हॉलमध्ये बसला.

अडचण लगेच लक्षात आली. जॅझचा स्विंग प्रत्येक ठोक्याचे दोन असमान तुकडे करतो, पहिला लांब, दुसरा आखूड. त्यामुळे लय झोके घेते. क्युबन ठेका प्रत्येक ठोक्याचे समान तुकडे करतो. दोन्ही एकाच वेळी वाजले की दुसरा तुकडा कधी अलीकडे पडतो, कधी पलीकडे, आणि कानाला खडा लागतो. बेसचीही तीच गत. जॅझचा बेसवाला चारही ठोक्यांवर पाऊल टाकत चालतो. क्युबन बेसवाला पहिला ठोका बऱ्याचदा मोकळाच सोडतो. प्रत्येक ठोक्याचे दोन तुकडे करून आठ मात्रांचा विचार केला तर तो ४ आणि ७ वर वाजवतो आणि १ वर शांत. क्लावेच्या तीनच्या बाजूला हेच ठोके आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण पहिल्या ठोक्यावर उभं राहायची सवय असलेल्या माणसाला हे पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

बँडच्या बसमध्ये चानोने शाळा भरवली. गिलेस्पीच्या हातात एक ढोल, बेसवादक अल मॅकिबनच्या हातात दुसरा, कोणाकडे घंटा, आणि प्रत्येकाला एकेक वेगळी ओळ. एकट्याची ओळ सोपी, पण ती शेजाऱ्याच्या ओळीत नेमकी कुठे बसते ते कळलं पाहिजे. भाषा नसताना शिकवायची ही पद्धत होती, आणि गिलेस्पीने ती शेवटपर्यंत कृतज्ञतेने सांगितली.

यातून ‘मांतेका’ ही रचना आली. डिसेंबर १९४७ ची रेकॉर्ड ऐका. सुरुवातीला बेस आणि कोंगा. मग खालच्या पट्टीत सॅक्सोफोन एक छोटी आकृती धरतात, त्यावर ट्रॉम्बोन दुसरी, त्यावर ट्रम्पेट तिसरी. हे थर चानोने तोंडाने गाऊन दाखवले होते: रुंबाचे तीन ढोल जसे एकमेकांत गुंततात, तशी त्याने पितळी वाद्यं गुंतवली. गिल फुलर आणि गिलेस्पीने ते कागदावर आणलं. पण चानोची चाल एकाच स्वरमेळावर फिरत राहते, आणि गिलेस्पीला वाटलं की जॅझवाल्याचा कान याने तृप्त होणार नाही. त्याने मधे स्वतःची १६ मापांची सुरावट घातली, बदलत्या स्वरमेळांची, अगदी जॅझ वळणाची. त्या जागी आणि नंतर सॅक्सोफोनच्या एकल वादनात बँड स्विंगमध्ये जातो. चानो मात्र आपला ठेका सरळच ठेवतो. तिथे खाली काहीतरी घासतं. मला ते घासणं आवडतं. दोन माणसं पहिल्यांदा खरोखर बोलत आहेत आणि अजून एकमेकांची वाक्यं तोडत आहेत, हे त्यात ऐकू येतं. चुकून काही राहिलं असेल तर ते पुढच्या वर्षांत दुरुस्त झालं असतं. पण डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेममधल्या एका बारमध्ये चानोला कोणीतरी गोळी घातली. तो ३३ वर्षांचा होता. गिलेस्पीबरोबर त्याला सव्वा वर्षच मिळालं.

१९५० चं दशक मँबो या क्युबन नाचसंगीताचं. ब्रॉडवेवरच्या पॅलॅडियम बॉलरूममध्ये माचितो, टिटो प्युएन्ते आणि टिटो रॉड्रिग्ज यांचे बँड, आणि खाली नाचायला गोरे, काळे, पोर्टोरिकन, ज्यू सगळे एकत्र. प्युएन्तेने टिंबालेस मागच्या रांगेतून उचलून थेट मंचाच्या पुढे आणले. जॅझकडून रे बारेत्तो हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला पोर्टोरिकन कोंगावादक एकामागून एक छोट्या बँडच्या रेकॉर्डवर दिसू लागतो. तो महत्त्वाचा, कारण तो दोन्ही भाषा बोलत वाढला होता. स्विंगवर वाजवताना तो ठोके कमी करतो, जागा सोडतो, थाप जरा मागे ओढतो. केनी बरेलच्या १९६३ च्या ‘मिडनाइट ब्लू’मध्ये त्याचा कोंगा इतका नम्र आहे की लक्ष दिलं नाही तर निसटतो, आणि काढून टाकला तर सगळं कोसळेल. चानोच्या वेळचं घासणं इथे उरलेलं नाही.

आता पुन्हा मोंगोकडे. १९५० मध्ये तो न्यूयॉर्कला आला, काही वर्षं प्युएन्तेकडे वाजवलं, मग विली बोबो या टिंबालेसवाल्यासह कॅलिफोर्नियात कॅल त्येडरच्या बँडमध्ये गेला. १९५९ मध्ये त्याने ‘आफ्रो ब्लू’ रेकॉर्ड केली. तिच्यात एकाच वेळात एक जण तीन मोजतो आणि दुसरा दोन, आणि दोन्ही तितकेच खरे असतात. आफ्रिकी संगीताचा हा गाभाच. १९६३ मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनने ती स्वतःच्या पद्धतीने, तीनच्या स्विंगमध्ये वाजवली आणि ती जॅझवाल्यांच्या पाठांतराचा भाग झाली.

‘वॉटरमेलन मॅन’ची गोष्ट हँकॉकने अनेकदा सांगितली आहे. १९६२ च्या अखेरीस तो ब्राँक्समधल्या एका क्लबात मोंगोकडे काही दिवस बदली पियानोवादक होता. गिऱ्हाईक थोडं. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड त्याला भेटायला आलेला. मध्यंतरात मोंगो आणि बर्ड यांच्यात विषय निघाला की आफ्रो-क्युबन आणि आफ्रिकन-अमेरिकन संगीताला जोडणारा दुवा कुठला. मोंगोला तो अजून सापडत नव्हता. बर्ड हँकॉकला म्हणाला, तुझी ती चाल वाजव. हँकॉकने सुरू केली, मोंगो कोंगावर येऊन बसला, आणि एकेक वादक आत शिरला. थोड्या वेळात समोरचे लोक टेबलं सोडून नाचायला उठले.

हे इतकं सहज कसं बसलं? इथे मात्र कोंगावाल्याच्या हातांकडे जवळून बघायला हवं. त्याचा रोजचा ठेका, तुंबाओ, आठ मात्रांचा असतो. डावा हात जवळजवळ कायम कातड्यावर टेकलेला, मनगटाकडचा भाग आणि बोटं यांच्यावर पुढेमागे डुलत. पहिल्या मात्रेवर तळहाताचा मागचा भाग, दुसऱ्यावर बोटं. हे आवाज दहा फुटांवरही ऐकू येत नाहीत. ते वादकाने स्वतःसाठी चालू ठेवलेलं मोजमाप आहे. तिसऱ्या मात्रेवर उजव्या हाताची कडक चापट. चौथ्यावर पुन्हा बोटं, पाच-सहावर पुन्हा डावा हात डुलतो. सातव्या आणि आठव्या मात्रेवर दोन खुल्या, घुमणाऱ्या थापा. म्हणजे दूरवर ऐकू येतं ते एवढंच: ३ वर चट, ७-८ वर धूम-धूम.

सोल संगीतात ड्रमवाला स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, कुठे मारतो? याच आठ मात्रा धरल्या तर ३ वर आणि ७ वर. चर्चमध्ये उभं राहून गाताना लोक टाळी देतात ती याच जागी, आणि गायक-पियानोवादक रे चार्ल्सपासून पुढच्या सगळ्यांनी ती चर्चमधून उचलून नाचगाण्यात आणली. कोंगाची चापट आणि सोलची टाळी आधीपासूनच एका जागी पडत होती. शिवाय १९६० च्या आसपास रिदम अँड ब्लूजमधला झोका विरघळत चालला होता. ठोक्याचे तुकडे पुन्हा समान होत होते. चार्ल्सच्याच १९५९ च्या ‘व्हॉट्ड आय से’मध्ये ड्रमवाला उघड लॅटिन वळणाने वाजवतो, आणि त्याआधी १९५५ मध्ये बो डिडलीने गिटारवर जो ठेका लोकप्रिय केला तो जवळजवळ क्लावेच आहे. म्हणजे जॅझमध्ये ज्या दोन गोष्टी घासत होत्या, असमान तुकडे आणि चालणारा बेस, त्या दोन्ही सोलने वाटेतून काढलेल्या होत्या. राहिलेली आठवी मात्रा, ती शेवटची खुली थाप, टाळी संपल्यावर लगेच पुढच्या आवर्तनात ढकलते. सोलमध्ये कोंगाने नवीन काय आणलं असं कोणी विचारलं तर मी ती आठवी थाप दाखवेन.

मोंगोच्या यानंतरच्या रेकॉर्डमध्ये सोलच्या गाजलेल्या चाली भरपूर आहेत, आणि जुने रसिक त्यांना बाजारू म्हणून बाजूला ठेवतात. मला हे अन्यायाचं वाटतं. धार्मिक ठेके आणि रुंबा शुद्ध रूपात रेकॉर्ड करणारा माणूसही हाच होता. सोलकडे जाताना तो आपलं काही विसरला नव्हता, ते कुठे चपखल बसतं हे त्याला सापडलं होतं.

पुढे जे झालं ते न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये. तिथली पोर्टोरिकन पोरं काळ्या मुलांच्या शेजारी वाढली, घरी मँबो ऐकला आणि बाहेर मोटाउन या डेट्रॉइटच्या कंपनीची सोल गाणी. १९६६ मध्ये जो क्युबाच्या सहा जणांच्या बँडने ‘बँग बँग’ काढलं: पियानोची क्युबन फिरकी, टाळ्या सोलच्या जागी, शब्द अर्धे इंग्रजी अर्धे स्पॅनिश, आणि पार्टीचा गोंगाट तसाच मागे. याला बुगालू म्हणू लागले. चारेक वर्षांत ते विझलं आणि साल्साचं युग आलं. क्लावेच्या दृष्टीने बुगालू ढिलं होतं, हा आक्षेप बरोबर आहे. पण काळे आणि पोर्टोरिकन तरुण एकाच तबकडीवर नाचत होते, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. विली बोबोने १९६७ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलेलं ‘ईव्हिल वेज’ आणि प्युएन्तेचं ‘ओये कोमो वा’ ही दोन्ही कार्लोस सांतानाने लवकरच जगभर पोचवली.

१९७० नंतर कोंगा सोलच्या स्टुडिओत कायमचा मुक्कामाला आला. डेट्रॉइटमध्ये मोटाउनकडे एडी ‘बोंगो’ ब्राउन होता. मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये गाण्याखाली जी मऊ चाल सतत चालू असते तिच्यात त्याचा हात आहे. शिकागोत मास्टर हेन्री गिब्सन होता. कर्टिस मेफिल्डच्या ‘सुपरफ्लाय’मध्ये त्याचा कोंगा एखाद्या पात्रासारखा वावरतो. इथे एक मोठा बदल झाला होता. हे वादक क्युबाचे नव्हते, क्लावेच्या दिशेचं बंधन मानत नव्हते. ढोल काळ्या अमेरिकेकडे परत आला होता, आणि तो तिने आपल्या पद्धतीने वाजवायला घेतला होता.

क्युबा स्वतः या काळात तुटलेली होती. १९६१ मध्ये राजनैतिक संबंध संपले, १९६२ मध्ये अमेरिकेची व्यापारबंदी आली, वादकांची ये-जा थांबली. तरी हवानात पियानोवादक चूचो वाल्देसने १९७३ मध्ये ‘इराकेरे’ हा बँड उभा केला आणि बाउझाने जे केलं नव्हतं ते केलं: पूजेतले बाता ढोल इलेक्ट्रिक बेस आणि जॅझच्या पितळी वाद्यांशेजारी आणून बसवले. १९७७ मध्ये गिलेस्पी जहाजाने हवानाला गेला, चानोच्या गावी, चानो गेल्यानंतर सुमारे साडेअठ्ठावीस वर्षांनी.

मुंबईतही हे ढोल लवकर पोचले होते, पण वेगळ्या वाटेने. जॅझ किंवा सोलमधून नाही, तर हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमधून आणि लंडनमार्गे आलेल्या रुंबाच्या तबकड्यांमधून. कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत रुळवले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त तो रंग स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक होते. मात्र ढोल आला तरी क्लावे बहुतेक आली नाही. आठ मात्रांच्या कहरव्याशी कोंगाचं लगेच जमलं, त्यामुळे तिची गरजच कोणाला पडली नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर मी हा क्रम सुचवेन. आधी ‘मांतेका’चं पहिलं मिनिट, फक्त थर मोजत. मग ‘आफ्रो ब्लू’, आधी मोंगोची, नंतर कोलट्रेनची, आणि पाय दोन्ही वेळा दोनवरच ठेवायचा. मग सोल गायक डॉनी हॅथवेच्या १९७२ च्या जिवंत मैफिलीतलं ‘द घेटो’, जवळपास १२ मिनिटांचं. कोंगावर अर्ल डेरूएन आहे. तिथे श्रोत्यांच्या टाळ्यांबरोबर तुम्हीही ३ आणि ७ वर टाळी द्या, आणि तो एकटा वाजवायला लागला की तुमच्या टाळ्यांच्या मधल्या जागांत काय भरतोय तेवढंच ऐका.